बसलेला वार

शारजातल्या अल नहदा भागातल्या त्या क्लिनिकची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. ओतार गोगाश्विली कठड्याला धरून, एक पाय मागे ओढत दुसऱ्या मजल्यावर पोचला, तेव्हा तो घामानं निथळत होता.

"शोभना, यल्ला, जल्दी! तुम्हारा पेशंट आ गया. रशियन है," डॉक्टर हाफिजांनी आपल्या हैदराबादी ठसक्यात आत हाक दिली.

"नॉट रशियन," दारात उभा असलेला तो उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस धापा टाकत म्हणाला. "जॉर्जियन."

हा शोभना कारखानीसचा पहिला पेशंट. २००१ सालची गोष्ट. तशी ती पुण्याला फिजिओथेरपी शिकलेली, दोन वर्षं नोकरीही केलेली. पण राजनशी लग्न करून शारजाला आली, अवनी झाली, आणि मग घर, शाळेची बस, राजनचं दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा येणं, यात वर्षं कशी गेली ते कळलं नाही. अवनी मोठी झाल्यावर तिनं हिय्या करून लायसन्सची परीक्षा दिली. पास झाली, तरी एवढ्या मोठ्या गॅपनंतर तिला कुणी दारात उभं करेना. हाफिजांनी केलं. "हात देखूँगी, काग़ज़ नहीं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आणि आता तेच हात ओतारच्या सुजलेल्या गुडघ्यावर थरथरत होते.

ते त्याच्या लक्षात आलं. "दॉक्तर," तो म्हणाला. ती डॉक्टर नाही हे तिनं सांगूनही शेवटपर्यंत त्यानं ते मानलं नाही. "तुम्ही घाबरलात. गुडघा नाही घाबरला. दाबा."

तिनं दाबलं. तो कळवळला, जॉर्जियन भाषेत काहीतरी पुटपुटला आणि मग मिशीतल्या मिशीत हसला. "बरोबर जागा," तो म्हणाला.

पुढच्या वेळी लिफ्ट चालू होती. त्यानंतर कित्येक महिने तो न चुकता येत राहिला. हाफिजांच्या क्लिनिकमध्ये तोवर दुसरा अनुभवी फिजिओही आला होता, पण ओतारला शोभनाच हवी असायची. "माझा गुडघा हिला ओळखतो," तो रिसेप्शनला ठणकावून सांगायचा. त्याच्यामुळे त्याच्या क्लबमधली मुलं यायला लागली, मुलांच्या आया यायला लागल्या. शोभनाचा थरकाप कधी गेला ते तिचं तिलाही समजलं नाही. पण कुणामुळे गेला हे ती कधी विसरली नाही.

तो शारजाच्या एका क्लबात तलवारबाजी शिकवायचा. तलवारबाजीत हत्यारं तीन प्रकारची, त्यातलं त्याचं सेबर. सेबरच्या टोकानं भोसकता येतं आणि पात्यानं वारही करता येतो. कमरेच्या वर कुठंही लागलं की गुण. पापणी लवेपर्यंत खेळ खलास. गुडघा वाकवायला सांगितला की ओतार गोष्ट सांगायला लागायचा. दुखणं विसरायची त्याची ती रीत होती. त्याचं इंग्रजी तुटक होतं, पण हात, भुवया, मिशा सगळं बोलायचं. असं करत करत शोभनाला त्याचं सगळं आयुष्य समजलं.

तिबिलिसीत त्याचे वडील ट्राम चालवायचे. जॉर्जियात पोरगा जन्मला की त्यानं कुस्ती खेळायची, असं ठरलेलंच. ओतारला कुस्तीच्या आखाड्यात घातलं, तर वस्तादानं त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि हाकलून दिलं. "हा पैलवान नाही, हँगर आहे!" रडत रडत जिना उतरताना त्याला तळघरातून पोलादाचा खणखणाट ऐकू आला. तो तिकडे वळला तो वळलाच. तिथल्या म्हाताऱ्या गुरूनं त्याला वर्षभर सेबरला हात लावू दिला नाही. नुसतं पुढे जा, मागे ये. "तलवार हातात नसते, पायात असते," असं गुरू म्हणायचा.

सोव्हिएत तलवारबाजांच्या संघात शिरणं हेच मोठं दिव्य होतं. "दॉक्तर, जगज्जेता होणं सोपं," ओतार म्हणायचा. "आधी मॉस्कोत जिंकून दाखवा. तिथं जगज्जेते होऊ शकतील असे दहा जण, आणि विमानात जागा चौघांना." तो तेविसाव्या वर्षी सोव्हिएत चँपियन झाला. मग पुन्हा दोनदा झाला. संघाची पदकं मिळवली. बर्फातली शिबिरं झाली, फुटलेल्या बोटांनी खेळलेले सामने झाले, बाहेरदेशी गेल्यावर सावलीसारखा मागे असणारा संघाचा अधिकारीही सोसून झाला. तेहतिसाव्या वर्षी भर सामन्यात गुडघ्यातून काडकन आवाज आला आणि खेळणं संपलं. मग शिकवणं. मग सोव्हिएत युनियनच मोडलं. तिबिलिसीत गोळीबार, अंधार, थंडी. क्लबात वीज नाही म्हणून खिडकीच्या उजेडात, अंगात ओव्हरकोट घालून त्यानं दोन हिवाळे पोरांना शिकवलं. शेवटी पंचाण्णव साली पिशवीत सेबर भरून तो शारजाला उतरला. विमानतळावर कस्टमवाल्यानं पिशवी उघडली आणि तो उडालाच. ओतारनं मधल्या मोकळ्या जागेत दोन पावलं नाचून दाखवली, तेव्हा तो अधिकारी पोट धरून हसला आणि म्हणाला, "हबीबी, माझ्या पोराला शिकवशील?" तोच पोरगा ओतारचा इथला पहिला शिष्य.

पण एक गोष्ट सांगताना ओतारच्या मिशा हसायच्या नाहीत.

त्या काळी सेबरला विजेची यंत्रं जोडलेली नसायची. वार लागला की नाही हे पंच डोळ्यांनी बघून ठरवायचे. इटलीतल्या एका मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत होती. ओतारसमोर पोलंडचा यानुश व्रोना. पाच गुण झाले की जिंकलं, आणि दोघंही चारवर. ओतारनं झेप घेतली, सेबर व्रोनाच्या मनगटाजवळ बाहीला लागलं. हातातून कळतंच. पण एका पंचानं वार लागल्याचा हात वर केला, दुसऱ्यानं नाही म्हणून मान हलवली, आणि मुख्य पंचाला नीट दिसलंच नव्हतं. म्हणजे वार रद्द. पुन्हा उभं राहायचं. ओतारचे पाय तोवर संपले होते. पुढचा वार व्रोनाचा असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आणि यानुशनं तोंडावरची जाळी काढली," ओतार सांगायचा. "चेहरा लाल. पंचांकडे बघून म्हणाला, 'बसला. मला लागला.' एवढंच."

सोनं ओतारला मिळालं. त्या सोन्यावर आईला दोन खोल्यांचं ऊबदार घर मिळालं, त्याला नोकरी मिळाली, पुढचं सगळं मिळालं. त्याला धावत जाऊन व्रोनाला मिठी मारायची होती. पण अधिकाऱ्यानं दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. परक्या खेळाडूंशी जास्त बोलायचं नाही, असा नियम होता. पुढे कानावर आलं, की सोव्हिएत खेळाडूला सोनं 'दिलं' म्हणून व्रोनाला त्याच्याच लोकांनी वाळीत टाकलं, संघातून काढलं. त्यानंतर एकदाच तो भरल्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला दिसला. ओतारनं हात वर केला. त्यानं पाहिला की नाही, कोण जाणे.

"थँक यू म्हणायचं राहिलं," ओतार म्हणायचा आणि गुडघा न सांगताच पूर्ण वाकवायचा.

पुढच्या वर्षी एका इंग्रजी पेपरात क्रीडापानावर ओतारचा फोटो आला. क्लबातल्या मुलांनी कुठलीशी स्पर्धा जिंकली होती. फोटो आला त्याच आठवड्यात एक पंचविशी ओलांडलेली गोरी बाई क्लबच्या दारात उभी राहिली. दुबईत हॉटेलात मॅनेजर होती. नाव मार्ता.

"मी यानुश व्रोनांची मुलगी," ती म्हणाली.

ओतारनं तिला हाताला धरून आत नेलं.

मार्तानं सांगितलं, की आई गेल्यावर तिनं वडिलांना इकडे आणलं होतं आणि हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. डॉक्टर म्हणतात व्यायाम केला तर सुधारणा होईल. पण बाबा कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत. दोन फिजिओ पळून गेले. "तुमचं नाव मी लहानपणापासून ऐकलंय. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"

ओतार तडक क्लिनिकमध्ये आला, दार न वाजवता आत घुसला आणि म्हणाला, "दॉक्तर, चला."

"अहो, कुठं? पेशंट आहे आत!"

"माझा पण पेशंट आहे. तीस वर्षं थांबलाय."

शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी शोभना त्याच्याबरोबर गेली. मार्ताचं घर अल नहदामध्येच, पण दुबईच्या बाजूला. व्रोना खिडकीशी खुर्चीत बसले होते. दांडगा देह, कापलेले करडे केस, आणि मांडीवर उजवा हात कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडलेला. ओतारला बघताच त्यांनी ओळखलं, यात शोभनाला शंका नव्हती. कारण त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत राहिले. ज्यानं आपल्याला ऐन उमेदीत पाहिलंय, त्याच्यासमोर असं बसायचं, हे त्या माणसाला सोसत नव्हतं.

ओतारनं बोलायचं ठरवून आणलेलं सगळं गिळलं. खुर्ची ओढली, शेजारी बसला, आणि सकाळभर नुसता बसून राहिला. निघताना म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी येतो."

आला, तो दोन सेबर घेऊन. एक त्यानं व्रोनांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं ते ढकलून दिलं. सेबर घसरून फरशीवर खणकन आदळलं. मार्ता दचकली. पण शोभना वेगळंच बघत होती. सेबर घसरलं तेव्हा मांडीवरच्या त्या मेलेल्या हाताची तीन बोटं ते धरायला वळली होती.

"परत ठेवा," ती ओतारला म्हणाली. "त्यांचा हात झेलायला जातोय."

तिथून कामाला सुरुवात झाली. शोभनानं सेबरच्या मुठीला स्पंज गुंडाळून ती जाड केली, पट्टीनं बोटांना बांधली. आधी नुसतं धरायचं. मग मनगट वळवायचं. मग खुर्चीच्या पाठीला डाव्या हातानं धरून उभं राहायचं. तिनं खांदा, कोपर, बोटं दर वेळी चोळून मोकळी करायची, आणि व्रोनांनी तिच्याकडे रागानं बघायचं. पण आता ते हात लावू देत होते. शुक्रवारची सकाळ घरच्यांची असते, पण राजन कधी कुरकुरला नाही. "तू जा गं, पोह्यांचं मी बघतो," म्हणायचा. अवनी दर वेळी विचारायची, "सो मम्मा, हू वॉन?"

उन्हाळा सरता सरता व्रोना उभं राहून हात खांद्यापर्यंत उचलायला लागले. मग ओतारनं खेळ सुरू केला. तो समोर उभा राहायचा, अंगात जाडं जाकीट, छाती मोकळी ठेवून. "मार," म्हणायचा. व्रोनांचं सेबर डुगडुगत पुढे यायचं, ओतारचा बचाव नेमका उशिरा पडायचा, आणि तो ओरडायचा, "बसला!" शोभना टाळ्या वाजवायची. मार्ता डोळे पुसायची. सगळं कसं छान चाललं होतं.

एका शुक्रवारी व्रोनांनी असाच वार केला. पातं ओतारच्या जाकिटापासून चांगलं वीतभर लांबून गेलं.

"बसला!" ओतार म्हणाला.

"व्वा! व्हेरी गुड!" शोभना म्हणाली.

व्रोनांनी दातांनी पट्टी सोडवली आणि सेबर जमिनीवर फेकलं. चेहरा लालबुंद. आणि मग ते बोलले. तोवर एकदोन शब्दांपलीकडे न बोललेला माणूस सलग बोलला, तेही रशियन भाषेत, जी त्यांना शाळेत सक्तीनं शिकवली होती आणि जी त्यांनी जन्मभर टाळली होती. शब्द अडखळत होते, पण एकही गाळला जात नव्हता. ओतारचा चेहरा उतरत गेला. शोभना मार्ताकडे बघायला लागली.

मार्ता हळूच सांगत गेली. "म्हणतायत, नाही बसला. तुला दिसलं, मला दिसलं, या बाईलाही दिसलं. मी तेव्हा तुला काही दिलं नव्हतं. वार बसला होता, म्हणून बसला म्हटलं. आणि तू आता मला काय देतोस? भीक?"

शोभनाचे कान तापले. टाळ्या तिनंही वाजवल्या होत्या. पेशंटला बरं वाटावं म्हणून जे 'छान, छान' ती सवयीनं म्हणायची, ते या माणसाला सुईसारखं टोचत होतं, हे तिला आत्ता समजलं.

ओतार खाली वाकला. त्याचा गुडघा कुरकुरला. त्यानं सेबर उचललं आणि मूठ पुढे करून व्रोनांसमोर धरलं.

"चुकलो," तो म्हणाला. मग इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. मार्ता शोभनासाठी इंग्रजीत सांगत होती, पण शोभनाला ते तिच्याशिवायही कळलं असतं. "माझी आई म्हातारपणी थंडीनं कुडकुडली नाही, ती तुझ्या एका शब्दामुळे. मी खेळलो, शिकवलं, इथवर आलो, ते तुझ्यामुळे. आणि माझ्यापायी तुझं सगळं गेलं. तुला संघातून काढलं. आभार मानायलाही मला जमलं नाही. यानुश, मी तुझा फार, फार आभारी आहे."

व्रोनांनी नकारार्थी मान हलवली. मग काहीतरी पुटपुटले. मार्ताला हसू फुटलं.

"म्हणतायत, कोण म्हणालं सगळं गेलं? एक वर्ष काढलं, मग परत घेतलं. खेळणं सुटलं ते पाठीच्या दुखण्यानं. त्यानंतर गावच्या शाळेत शिकवलं, आईशी लग्न झालं, मी झाले. एवढं ओझं तू कशाला वाहत बसलास, मूर्खा?"

ओतार हसत होता की रडत होता, ते मिशांमुळे समजेना. व्रोनांनी डाव्या हातानं सेबर घेतलं, उजव्या हातात खुपसलं, आणि शोभनापुढे पट्टी बांधायला हात केला.

"आता खरं," ते म्हणाले. इंग्रजीत. थेट तिला.

त्या दिवसापासून घरात खोटं कौतुक बंद झालं. ओतार सवलत देईना. तो हलके, पण खरे बचाव करायचा, आणि व्रोनांचे वार एकामागून एक वाया जायचे. कितीतरी शुक्रवार एकही वार बसला नाही. शोभनाला वाटायचं, हा माणूस आता खचणार. झालं उलटंच. जे व्रोना व्यायामाला कंटाळायचे, ते आता मार्ताला फोन करायला लावून शोभनाला आठवड्यात मध्येच बोलावू लागले. कोपर अजून सुटत नाही, खांदा अडतो, काहीतरी कर. ती घाम गाळायची, ते दात ओठ खायचे. जमलं नाही की ती म्हणायची, "नाही जमलं. पुन्हा." हे क्लिनिकमध्येही तिच्या तोंडी बसलं. हाफिजांनी एकदा दारातून ऐकलं आणि म्हणाल्या, "अब तुम्हारी ज़बान भी हाथ जैसी सच्ची हो गई."

थंडी पडल्यावर ओतार व्रोनांना क्लबात घेऊन गेला. सकाळी तिथं कुणी नसायचं. राजननं गाडी काढली, अवनीही आली. खेळायच्या लांबलचक पट्ट्याच्या एका टोकाला काठी टेकून व्रोना उभे राहिले. त्यांनी काठी मार्ताकडे दिली. मुठीवर आता पट्टी नव्हती, बोटंच पुरेशी होती. दोघांनी जाळीचे मुखवटे घातले.

पहिले वार वाया गेले. ओतारनं एकदा त्यांच्या खांद्यावर हलकेच वार केला आणि व्रोना गुरगुरले, "बसला." मग थोडा वेळ दोघं नुसते उभे. व्रोनांनी खांदा किंचित उचलला, जणू डोक्यावर वार येणार. ओतारचं सेबर वर गेलं. आणि व्रोनांचं मनगट, ते मांडीवर पडून राहिलेलं मनगट, खालून वळलं. पातं ओतारच्या मनगटाजवळ बाहीवर टप्पकन वाजलं.

कुणी टाळी वाजवली नाही.

ओतारनं मुखवटा काढला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज पंचासारखा कोरडा होता. "बसला. मला लागला."

"माहीत आहे," व्रोना म्हणाले, आणि त्यांचा तोल गेला. ओतारनं धावत जाऊन त्यांना धरलं. तशीच मिठी पडली आणि बराच वेळ सुटली नाही.

वसंतात व्रोना पोलंडला परत गेले. उन्हाळा इथं काढायला ते तयार नव्हते, आणि तिकडे बहिणीचं घर होतं. विमानतळावर ते व्हीलचेअर नाकारून काठीवर चालत आले. ओतारशी त्यांचं बोलणं आधीच होऊन गेलं असावं, कारण दोघांनी नुसते खांदे थोपटले. मग ते शोभनाकडे वळले. उजवा हात सावकाश पुढे आला. तिनं तो हातात घेतला. पकड कच्ची होती, पण होती.

"हार्ड हँड्स," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "गुड हँड्स. थँक यू."

"थँक यू तुम्हाला," शोभना म्हणाली. मग शेजारी उभ्या ओतारकडे वळली. "आणि तुम्हालाही, कोच. त्या दिवशी तुम्ही 'दाबा' म्हणाला नसतात, तर मी घरी परत गेले असते. हे सांगायचं राहून जात होतं."

ओतारनं आश्चर्यानं भुवया उंचावल्या. "मी असं म्हणालो होतो?"

"म्हणाला होतात."

"दुखत असणार फार," तो म्हणाला, आणि तिघंही हसले.

परतताना गाडीत ती आपल्या हातांकडे बघत बसली होती. शारजाच्या वेशीवर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला होता. राजननं एकदा तिच्याकडे बघितलं.

"काय गं, बरी आहेस ना?"

"छान आहे," ती म्हणाली. "खरंच छान आहे."